‘कुठलाही गॉगल चालतो’ हा मेसेज प्लीज पुढे पाठवू नका

पुण्यातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, वीकेंडला मुळशी-पौडच्या बाजूला एअरसॉफ्ट (खेळातल्या गनने एकमेकांवर प्लॅस्टिकच्या गोळ्या मारायचा खेळ) खेळायला जाणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठी ‘पैसे वाचवायच्या टिप्स’ म्हणून. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, मेसेज म्हणतो: बीबी, म्हणजे गनमधली गोळी, प्लॅस्टिकची असते, डोळ्याला फार काही होत नाही. नंबरचा चष्मा असेल किंवा यूव्ही ४०० चा गॉगल असेल तर वेगळं काही घ्यायची गरज नाही. जाळीचा गॉगल सगळ्यात भारी, वाफच धरत नाही. काहीच नसेल तर टू-व्हीलरचं हेल्मेट घाला. गॉगल घरी एकदा गोळी मारून तपासून घ्या, फुटला नाही तर पास. आणि वाफ धरली तर दोन सेकंद काढून पुसला तरी चालतं.

यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुणाचा तरी डोळा घालवू शकते, म्हणून एकेक घेतो.

बीबी प्लॅस्टिकची असते हे खरंय. ६ मिलिमीटरची, वजन बहुतेक वेळा ०.२० ग्रॅम, हातात घेतली तर कळतही नाही. पण आपण ज्याला ३५० एफपीएसची (सेकंदाला ३५० फूट) गन म्हणतो तिच्यातून ती सेकंदाला साधारण १०७ मीटरने निघते, म्हणजे ताशी ३८० किलोमीटरच्या वर, आणि त्या वेगाला तिची एनर्जी १.१ ज्यूलच्या थोडी वर भरते. ही सगळी एनर्जी ६ मिलिमीटरच्या ठिपक्यावर उतरते. दंडावर लागली तर कातडी आणि स्नायू ती झेलतात म्हणून लाल वळ उठतो आणि विषय संपतो, पण डोळ्याच्या पुढे झेलायला काही नाहीच ना. सोसायटीत क्रिकेट खेळताना तोंडावर टेनिस बॉल बसतो तेव्हा बराचसा मार डोळ्याभोवतीचं हाड खातं, कारण बॉल साडेसहा सेंटिमीटरचा आणि डोळ्याची खोबण जेमतेम ४ सेंटिमीटर रुंद. बीबीला ते हाड आडवं येत नाही, ती थेट बुबुळावर जाते.

आणि पुढे काय होतं ते मेसेजमध्ये कुठेच नाहीये. बाहेरून कधी कधी नुसता लाल डोळा दिसतो आणि आत पुढचं पारदर्शक पटल (कॉर्निया) आणि रंगीत बुबुळ यांच्या मधल्या जागेत रक्त साठलेलं असतं, डॉक्टर त्याला हायफीमा म्हणतात. पहिल्या काही दिवसांत ते पुन्हा वाहू शकतं आणि डोळ्यातलं प्रेशर चढतं. आतल्या लेन्सला धक्का बसला तर विशीतल्या पोराला मोतीबिंदू होतो, पडदा फाटू शकतो, आणि डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोपरा दुखावला तर कित्येक वर्षांनी काचबिंदू उभा राहतो, तोपर्यंत तो खेळ विसरून पण गेलेला असतो. लहान पोरांच्या जेल ब्लास्टरबद्दल पण हेच, पाण्यात फुगवलेल्या मऊ गोळ्यांनी सुद्धा डोळ्यात रक्तस्राव झाल्याच्या केसेस डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोंदवल्यात.

आता चष्मा आणि यूव्ही ४००. यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवतो, बास. त्या आकड्याचा मार सोसण्याशी काडीचा संबंध नाही, एफसी रोडवरच्या स्टॉलवरचा असो नाहीतर कॅम्पातल्या शोरूममधला महागडा असो. नंबरच्या चष्म्याची लेन्स काचेची किंवा सीआर ३९ प्लॅस्टिकची असेल तर जोरात मार बसला की तुकडे होतात, आणि तुकडे जातात डोळ्याकडेच. काही जण म्हणतील आमची लेन्स पॉलिकार्बोनेट, म्हणजे मजबूत प्लॅस्टिकची आहे. चांगलंय, लेन्स कदाचित फुटणार नाही, पण रोजच्या फ्रेमची खाच लेन्सला मागून धरून ठेवायला बनवलेलीच नसते, अख्खी लेन्स निघून डोळ्यावर आदळू शकते. शिवाय बाजूने आणि खालून सगळं उघडं. बीबी झाडावर, भिंतीवर, दगडावर आपटून कुठूनही येते, समोरूनच येईल असं थोडीच आहे.

मग काय बघायचं, तर काचेवरचा छाप. हा भाग नीट वाचा, कारण दुकानदार पण बऱ्याचदा चुकीचं सांगतात. अमेरिकन स्टँडर्ड अँसी झेड ८७.१ मध्ये जोराच्या माराला टिकणाऱ्या मालावर इंग्रजी झेड, पुढे ८७ आणि त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह असतं. ते अधिक नसेल तर तो साधा प्रकार, तो घेऊ नका. टेस्टमध्ये ६.३५ मिलिमीटरचा स्टीलचा छर्रा मारतात, चष्म्यासारख्या प्रकाराला सेकंदाला ४५.७ मीटरने आणि चेहऱ्याला चिकटून बसणाऱ्या गॉगलला ७६.२ मीटरने. हिशेब केला तर चष्म्याची टेस्ट साधारण १.१ ज्यूलची आणि गॉगलची ३ ज्यूलच्या आसपासची. आपली नेहमीची गन पण १.१ चीच, म्हणजे चष्म्याच्या प्रकारात हातात काही शिल्लकच राहत नाही, आणि स्नायपरवाला ५०० एफपीएस घेऊन आला तर तीच ०.२० ची गोळी २.३ ज्यूलला जाते. स्टील प्लॅस्टिकपेक्षा कडक असतं त्यामुळे टेस्ट थोडी जास्त कडक धरू, तरी माझं मत पक्कं आहे, चष्मा टाइप नको, गॉगल टाइपच हवा.

युरोपियन ईएन १६६ चा माल असेल तर तिथे अक्षर बघायचं. एफ म्हणजे ६ मिलिमीटरचा ०.८६ ग्रॅमचा छर्रा ४५ मीटर वेगाने, ०.८७ ज्यूल, आपल्या गनपेक्षाही कमी! बी म्हणजे तोच छर्रा १२० मीटर वेगाने, ६.२ ज्यूल. एअरसॉफ्टला बी घ्या. आणि छाप लेन्सवर आणि फ्रेमवर दोन्हीकडे असतो, दोन्हीकडे वेगळं अक्षर असेल तर कमी असलेलं धरायचं. नुसतं सीई लिहिलेलं असेल तर त्यावरून मार किती झेलेल ते कळत नाही. ‘टॅक्टिकल’, ‘मिलिटरी’, ‘बुलेटप्रूफ’ असल्या शब्दांमागे कुठली टेस्ट असेलच असं नाही, खरा मिलिटरी माल असेल तर त्यावर एमआयएल-पीआरएफ असा नंबर दिलेला असतो. खास एअरसॉफ्टसाठी एएसटीएम एफ २८७९ आहे, पेंटबॉलच्या (रंग भरलेल्या गोळ्यांचा तसाच खेळ) मास्कसाठी एफ १७७६, आणि पेंटबॉलची गोळी ३ ग्रॅमची असल्यामुळे तो मास्क आपल्याला पुरून उरतो, वर दात आणि नाक पण वाचतं.

मेसेजमधली एक गोष्ट मला मान्य आहे, पैसे वाचवता येतात. पण ते बोहरी आळीत किंवा भोसरी-चाकणकडच्या इंडस्ट्रियल सेफ्टीच्या दुकानात जाऊन वाचतात. तिथे छाप असलेला चेहऱ्याला चिकटून बसणारा पॉलिकार्बोनेटचा गॉगल काहीशे रुपयांत मिळतो. दुकानात घालून बघा, मान जोरात हलवा, गालाशी करंगळी आत जाते का बघा, पट्टा इलॅस्टिकचा आणि मागून घट्ट बसणारा हवा. चष्मावाल्यांनी चष्म्यावरून बसणारा मोठा प्रकार मागायचा आणि स्वतःचा चष्मा घालूनच ट्राय करायचा.

जाळीचा गॉगल. वाफ धरत नाही हे शंभर टक्के खरं, आणि पुण्याच्या पावसाळ्यात तो मोह मला पण कळतो. पण जाळी अख्खी बीबी अडवते, तुकडे नाही अडवत. हलक्या दर्जाची बीबी जाळीवर किंवा आधी दगडावर फुटली की कण भोकातून सरळ आत येतात, आणि जेलची गोळी तर फुटायलाच बनवलेली असते. वर रंगाचे टवके, गंज, धूळ. जाळी तोंडाच्या खालच्या भागाला लावा, जरूर लावा, डोळ्यापुढे नको.

हेल्मेटबद्दल फार लिहीत नाही. खालून उघडं असतं, पुढची काच (व्हायजर) कशाची आहे ते बऱ्याचदा माहीत नसतं, आणि पळताना ती आपोआप वर जाऊ शकते. रस्त्यावर मात्र घाला.

घरी गोळी मारून तपासणं हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण ज्या काचेवर तपासणी केली तीच घालून खेळायला जाणं हा खरा घोळ आहे. न दिसणारा तडा गेलेला असू शकतो आणि पुढची गोळी नेमकी तिथे बसली की संपलं. तपासायचंच असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा नग घ्या, टेबलावर ठेवून मारा आणि नंतर फेकून द्या. खेळात काचेवर जवळून सणसणीत हिट बसला असेल, खोल ओरखडा पडला असेल, कडेला बारीक रेषा दिसत असतील, तर काच बदला. आणि पॉलिकार्बोनेटला थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, अ‍ॅसिटोन अजिबात लावू नका, डासांच्या स्प्रेचा हात पण लावू नका, काच ठिसूळ होऊ शकते आणि ते वरून दिसेलच असं नाही. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे.

शेवटचा मुद्दा, दोन सेकंद काढला तर चालतो. नाही चालत. कुणाच्या बोटाला हे माहीत नसतं की तुम्ही आत्ता गॉगल काढलाय. वाफ धरली की हात वर, जोरात ओरडून सांगायचं, मार्शलने (मैदानावरच्या पंचाने) वाट करून द्यायची, सेफ झोनमध्ये पोचल्यावरच काढायचा, आणि सेफ झोनमध्ये पण मॅगझिन बाहेर आणि चेंबर रिकामी झाल्याशिवाय कुणी गन घेऊन आत यायचं नाही. वाफच कमी करायची असेल तर दोन थरांची थर्मल लेन्स घ्या, ती खरंच कामाची आहे. आतून अँटीफॉग कोटिंग असेल तर ओलं असताना घासू नका. आणि स्कूटीवर बांधतो तसा स्कार्फ नाकावरून घट्ट बांधला की सगळा श्वास वर गॉगलमध्ये शिरतो, तो नाकाखाली घ्या, निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

तरीही कुणाला लागलंच, तर डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, थेंब टाकायचे नाहीत, दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन द्यायचं नाही, त्याने रक्त वाढू शकतं. कागदी कपाचा तळाकडचा भाग कापून घ्या आणि तो डोळ्याला न टेकवता आडोसा म्हणून धरा, कडा हाडावर टेकवा, माणसाला आडवा करू नका, बसवून न्या. आणि पौडहून निघालात तर वाटेत मेडिकलवाल्याला दाखवण्यात वेळ घालवू नका, थेट जिथे डोळ्यांचे डॉक्टर असतात अशा मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसायला लागलं तरी डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख चुकवू नका, आणि पुढे दरवर्षी डोळ्याचं प्रेशर तपासून घ्या.