मागचं चाक कोण खोलणार?

"ताई, हे आपल्याकडे होत नाही." हे वाक्य पुण्यातल्या इतक्या पंक्चरवाल्यांच्या तोंडून ऐकलंय की आता दुकानदार उठून उभा राहायच्या आधीच माझं डोकं सणकतं. पंक्चर ही काय जगावेगळी गोष्ट आहे का? या शहरात दर दोन चौकांआड झाडाला जुना टायर टांगून कोणीतरी बसलेला असतो. मोटारसायकल घ्या, टेम्पो घ्या, शाळेतल्या पोरांच्या सायकली घ्या, सगळ्यांचं पंक्चर निघतं. फक्त माझ्या जाड टायरच्या इलेक्ट्रिक सायकलचं निघत नाही. आणि ही सायकल काही फुटकळ किमतीची नाही. चाळीस हजारांच्या घरात पैसे मोजलेत तिला.

राग पंक्चरवाल्यावर नाही, हे आधीच सांगते. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मागच्या चाकात मोटर आहे. चाकाच्या मधोमध, हबमध्येच. चाक काढायचं तर आधी चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला, बांधलेल्या वायरचे प्लास्टिकचे पट्टे कापा, मोटरचा कनेक्टर सोडवा, मग दोन्ही बाजूंचे अठराच्या पान्याचे नट काढा. त्या नटांच्या आत जीभ असलेला एक वॉशर असतो. तो एक्सलला जागच्या जागी धरून ठेवतो. परत बसवताना तो वॉशर उलटा लागला किंवा नट ढिला राहिला, तर मोटरचा जोर आला की एक्सलच फिरतो, वायरला पीळ पडतो, आतल्या बारीक तारा एकमेकींना चिकटतात आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज पुरवणारं सर्किट, जळतं. म्हणजे साध्या पंक्चरपायी हजारोंचा फटका. एवढी जोखीम तो माणूस पन्नास-शंभर रुपयांसाठी का घेईल? हे काम शिकवायला त्याच्याकडे कधी कोणी आलंय का? एक साधं पत्रक तरी छापून दिलंय का कोणी?

हुशार पंक्चरवाले चाक न काढताच टायरची एक बाजू रिमवरून उतरवतात, ट्यूब बाहेर ओढतात, ठिगळ लावतात आणि आत ढकलतात. खिळा किंवा बाभळीचा काटा असेल तर यात काम भागतं. अशा दोघा-तिघांना मी मनापासून मानते. पण या सायकलींचा खरा रोग वेगळाच आहे. टायरमध्ये हवा थोडी कमी झाली आणि चढावर मोटरने जोर लावला, की टायर रिमवर किंचित सरकतो आणि ट्यूबला बरोबर ओढत नेतो. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो. मग ट्यूब फाटते ती व्हॉल्व्हच्या बुडाशी, आणि तिथे ठिगळ बसत नाही. ट्यूबच बदलावी लागते, म्हणजे चाक काढावंच लागतं, आणि गाडी पुन्हा "आपल्याकडे होत नाही"वर येऊन थांबते.

समजा, चाक काढणारा भेटला. ट्यूब कुठाय? सव्वीस बाय चारची ट्यूब सायकलच्या दुकानात मागितली की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग मागच्या फळीकडे बघतो आणि सव्वीस बाय दोनची पुढे करतो. "हीच ताणून बसते हो." बसते, दिसायला बसते. चार इंचांच्या टायरमध्ये ती फुगून फुगून कागदासारखी पातळ होते आणि पुढच्याच मोठ्या खड्ड्यात फुटते. बरोबर मापाची ऑनलाइन मागवायची, तर येईपर्यंत गाडी पार्किंगमध्ये उभी. चाळीस हजारांची वस्तू तीन-चारशे रुपयांच्या रबरापायी आठवडाभर अडून राहते, याचा संताप येणार नाही तर काय येणार?

हवेचीही तीच रड. या टायरला वीस पीएसआयच्या आसपास हवा पुरते. माझ्या टायरच्या बाजूवर जास्तीत जास्त तीस असं कोरलेलंय. पण कॉम्प्रेसरवाल्याच्या हाताला मोटारसायकलची सवय. तो नळी लावतो, अंगठ्याने टायर दाबतो, मऊ लागला की पुन्हा भरतो. "थांबा, थांबा" म्हणून मी ओरडेपर्यंत काटा चाळिशीला टेकलेला असतो. मग घरी येऊन अर्धी हवा सोडायची. नाही सोडली तर टायर दगडासारखा होतो आणि जाड टायरचा सगळा फायदा पाण्यात.

आता विकणाऱ्यांकडे येते, कारण माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे. शोरूममध्ये ही सायकल काचेसमोर, दिव्याखाली उभी करतात. रुंद टायर, रुंद हँडल, पोरं थांबून फोटो काढतात. "ना लायसन, ना आरटीओ, ना पेट्रोल." विकताना सगळी माहिती तोंडपाठ. आणि पंक्चर झालं म्हणून फोन केला की "मॅडम, पंक्चर वॉरंटीत येत नाही." अरे, फुकट करा असं कोण म्हणालं? पैसे घ्या, पण करा! "टेक्निशियन दोन-तीन दिवसांत येईल", "व्हिडिओ काढून पाठवा", "तक्रार क्रमांक आलाय का?" क्रमांक येतो, माणूस येत नाही. मग एक दिवस मोबाइलवर संदेश येतो की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. खाली पार्किंगमध्ये चाक रिमवर टेकलेलं, आणि यांच्या कागदावर निवारण झालेलं! हा निव्वळ खोटेपणा आहे. ग्राहकाच्या तोंडावर केलेला खोटेपणा.

असले टायर जन्मले अलास्काच्या बर्फावर आणि न्यू मेक्सिकोच्या वाळूवर चालणाऱ्या सायकलींसाठी. 2005 साली अमेरिकेत सर्ली कंपनीने पग्सली नावाची सायकल आणली, तिला 3.7 इंची टायर होते, आणि तिथून हे प्रकरण दुकानांमध्ये पोचलं. तिथले लोक मुद्दाम हवा कमी ठेवतात, कारण टायर पसरला की बर्फात रुतत नाही. डांबरावर मात्र हाच पसरट टायर रस्त्याला धरून बसतो, गुरगुरतो आणि बॅटरी खातो. हे विकणाऱ्याला ठाऊक असतं. तरी फलकावर लिहायचं, एका चार्जमध्ये साठ किलोमीटर. माझी बॅटरी 36 व्होल्टची, 10 ॲम्पिअर-तासांची, म्हणजे 360 वॉट-तास. मोटर 250 वॉटची. पूर्ण जोरावर चालवली तर दीड तासाच्या आत बॅटरी रिकामी. वेगाला 25ची मर्यादा. मग एकट्या मोटरवर साठ किलोमीटर येणार कुठून? चौथी-पाचवीतलं पोरगंसुद्धा हा हिशेब करून दाखवेल. चांदणी चौकाचा चढ, उलटा वारा, पाठीवर बॅग असं सगळं धरून पंचवीस-तीस पदरात पडले तरी खूप. तेवढेच लिहा ना! पंचवीस-तीस किलोमीटर माझ्या कामाला पुरतात. मी तेवढ्यावरही घेतली असती.

आणि हो, मला ही सायकल आवडते. म्हणून तर एवढं जिवाला लागतं. गुडघे दुखायला लागल्यापासून साध्या सायकलवर कोथरूडहून बावधनकडे चढणं माझ्याच्याने होत नव्हतं. हिच्यावर होतं. पावसाळ्यात उखडलेल्या रस्त्यावरून, पेव्हिंग ब्लॉकच्या खाचांवरून, ड्रेनेजच्या झाकणांवरून हे जाड टायर असे जातात की पाठीला कळतसुद्धा नाही. पातळ टायरवाल्या मैत्रिणी खड्डा चुकवायला डावी-उजवीकडे वळतात आणि मागून बस येत असते. मला तसं करावं लागत नाही. आपल्या रस्त्यांवर हे टायर खरोखर उपयोगाचे आहेत, फक्त त्यांच्या मागे उभं राहायला कोणी तयार नाही.

रस्त्याचं तर बोलूच नये. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्याचा सर्वंकष सायकल आराखडा 2017 साली मंजूर झाला. आठशेहून जास्त किलोमीटरचं जाळं त्यात दाखवलंय. जे काही तुकडे जमिनीवर दिसतात, तिथे मोटारसायकली लावलेल्या, भाजीच्या पाट्या मांडलेल्या, मध्येच झाड, मध्येच डीपी. मोटारसायकली घुसू नयेत म्हणून तोंडाशी खांब रोवलेत, आणि ते इतके जवळ की माझं रुंद हँडल त्यातून जात नाही. उतरायचं, सायकल तिरकी करायची, तीस किलोचं धूड उचलून आत घ्यायचं. तोवर ज्याला अडवायला खांब रोवले तो मोटारसायकलवाला पुढच्या फूटपाथच्या उतारावरून आत शिरलेला असतो!

मग कायद्याचा घोळ. खरं तर नियम अगदी स्पष्ट आहे. मोटर 250 वॉटच्या आत, वेग 25च्या आत, बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत आणि अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता असेल, तर ती मोटारवाहन धरली जात नाही. नंबर प्लेट नको, परवाना नको. अशी चाचणी करणारी एआरएआय ही संस्था इथेच, पुण्यातल्या टेकडीवर आहे. माझ्या सायकलचं मान्यतेचं पत्र मी पिशवीत घेऊन फिरते. पण त्याच बाजारात पाचशे, साडेसातशे वॉटच्या परदेशी मोटरी बसवलेल्या जाड टायरच्या सायकली "काही लागत नाही" असं सांगून बिनधास्त विकल्या जातात. त्या चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने पळतात. पोरंटोरं त्या फूटपाथवरून दामटतात, म्हाताऱ्या माणसांना हूल देतात, आणि नंतर चौकात अडवलं जातं मला. पत्र दाखवा, वाद घाला, मोटरवरचा आकडा वाकून दाखवा. मागे बसचा हॉर्न चालूच. ज्याने बेकायदा मोटर विकली त्याच्या दुकानाचं शटर मात्र रोज वेळेवर उघडतं. त्याला कोणी विचारत नाही. खरेदी करणाऱ्या पोराच्या बापालाही कोणी सांगत नाही की ही गाडी कायद्याने मोटारवाहन ठरते, हिला नोंदणी लागते, विमा लागतो, आणि उद्या कोणाला उडवलं तर सगळं अंगावर येईल.

आमच्या सोसायटीने पार्किंगमध्ये बॅटरी चार्ज करायला बंदी घातली. आगीची भीती खोटी नाही, लिथियमची आग वाईटच असते. पण मग नियम करा की मूळ चार्जर वापरा, रात्रभर लावून ठेवू नका, जवळ पुठ्ठे-कागद नकोत. तसं काहीच नाही, सरसकट बंदी. आता बॅटरी उपसून वर घरात न्यायची आणि जिथे माणसं झोपतात तिथे चार्ज करायची. यात सुरक्षितता कुठे वाढली? बैठकीत हे विचारलं तर "बघू पुढच्या मीटिंगला". पुढची मीटिंग झाली, विषयच घेतला नाही.

आणि आता ती बॅटरीच दमलीय. चढावर चार्जच्या दोन काड्या दाखवत असताना अचानक बंद पडते. एखादा सेल कमजोर झाला की बॅटरीतलं सर्किट सगळाच पुरवठा तोडतं. मग तीस किलोची सायकल, वर मी, आणि समोर चढ. नवी बॅटरी घ्यायला गेले तर उत्तर मिळालं की ते मॉडेल बंद झालं. नव्या मॉडेलची बॅटरी चालेल का? नाही, तिचा खोबणीचा आकार वेगळा, कनेक्टर वेगळा. दोन्ही 36 व्होल्ट, दोन्ही त्याच कंपनीच्या, आणि एकीची दुसरीला लागत नाही! हे मुद्दाम केलेलं आहे, दुसरं काय? त्यात करही बघा. अख्खी ई-सायकल घेतली तर जीएसटी 5 टक्के, आणि तीच सायकल जगवण्यासाठी सुटी लिथियम बॅटरी घेतली तर 18 टक्के. म्हणजे जुनी फेका, नवी घ्या, असंच सरकारही सांगतंय. जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, 2022 सालच्या बॅटरी कचरा नियमांत तसं म्हटलंय. मी दुकानात ते बोलून दाखवलं, तर "भंगारवाल्याला द्या" म्हणाले. लिथियमची बॅटरी, भंगारवाल्याला! तो हातोड्याने फोडेल, त्याचं काय होईल याचा जरासुद्धा विचार नाही.

तपकीर गल्लीकडे, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चौकशी केली. जुन्या खोक्यात नवे सेल घालून देणारे आहेत. पण सेल कुठले, नवे की कुठल्या लॅपटॉपमधून काढलेले, वेल्डिंग नीट केलंय का, हे मी कशावरून ओळखायचं? आणि ती वस्तू मी माझ्या घरात, माझ्या माणसांच्या उशाशी चार्ज करायची?

दुकानातला मुलगा जुनी सायकल एक्स्चेंजमध्ये घ्यायला तयार आहे. नवीन मॉडेलवर सूट देतो म्हणतो, हप्तेही बसवून देतो. सायकलची फ्रेम धडधाकट आहे, मोटर चालू आहे, ब्रेक पॅड नुकतेच बदललेत. मला नवी सायकल नको आहे. मला हिचीच बॅटरी हवी आहे, आणि ती करून देणं ही ज्यांनी विकली त्यांची जबाबदारी आहे. तसं लेखी पत्र मी त्यांना दिलंय. त्यावर पोच म्हणून शिक्का मारायलासुद्धा ते तयार नव्हते, तो मारून घेतल्याशिवाय मी काउंटरवरून हलले नाही.