ज्या प्रश्नावर मला कधीच मत देता आलेले नाही

कोकणात माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. रानडुकरांपासून भाताचे रक्षण करण्यासाठी तिचा परवाना मिळालेला होता, त्याचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागे आणि निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. आजोबांनी त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. बंदूक घरात असावी आणि तिच्यावर सरकारचे लक्षही असावे, यात त्यांना काही विसंगत वाटत नसे.

अमेरिकेत इतकी वर्षे राहिल्यावर मला कळलेली गोष्ट अशी, की इथल्या बहुतेक बंदूकधारकांनाही ते विसंगत वाटत नाही. प्रत्येक विक्रीआधी खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासावी, याला बंदूक बाळगणाऱ्यांसह फार मोठ्या बहुमताचा पाठिंबा असल्याचे सर्वेक्षणांतून वारंवार दिसते. तरीही खासगी विक्रीतल्या तपासणीचा देशव्यापी कायदा आजवर झालेला नाही. २०२२ या एका वर्षात इथे बंदुकीने ४८,००० हून अधिक माणसे मेली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. गावाकडचे नातेवाईक फोनवर विचारतात, "एवढी मुले मरतात, मग सरकार काहीच कसे करत नाही?" त्या प्रश्नाचे उत्तर मी फोनवर नीट देऊ शकत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० लहान मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. चार महिन्यांनी, १७ एप्रिल २०१३ रोजी, तपासणीची व्याप्ती वाढवणारा प्रस्ताव अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, मतदानाला आला. बाजूने ५४ आणि विरोधात ४६ मते पडली, आणि चर्चा लांबवत ठेवून प्रस्ताव अडवता येण्याच्या नियमामुळे ६० मते लागत असल्याने बहुमत मिळूनही तो प्रस्ताव पडला. विरोधातली बहुतेक मते रिपब्लिकनांची होती, आणि दोष दोन्ही पक्षांचा सारखाच आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मॉन्टाना, अलास्का, नॉर्थ डकोटा आणि आर्कान्सा या राज्यांतल्या चार डेमोक्रॅट सदस्यांनीही आपली जागा धोक्यात येईल या भीतीच्या छायेत विरोधात मत दिले. त्यांपैकी अलास्का आणि आर्कान्साचे सदस्य पुढच्याच वर्षी निवडणूक हरले. त्याआधी, २००९ मध्ये, अध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहे डेमोक्रॅट पक्षाकडे असताना २००४ साली मुदत संपून गेलेली लष्करी धाटणीच्या रायफलींवरील बंदी पुन्हा आणण्याचा गंभीर प्रयत्न झाला नाही.

हे असे का होते, याचा मी बराच विचार केला आहे. मी राहते त्या मतदारसंघात निकाल नोव्हेंबरमधल्या मुख्य निवडणुकीत लागत नाही, तो पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीतच लागलेला असतो आणि तिथे थोडेच, पण अत्यंत कडवे मतदार येतात. रिपब्लिकन उमेदवाराला भीती असते ती आपल्याहून कडव्या रिपब्लिकनाची. डेमोक्रॅट उमेदवाराला माझी भीतीच नसते, कारण या प्रश्नावर रागावून मी दुसऱ्या पक्षाकडे जाणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. माझे मत त्याने गृहीत धरलेले आहे, आणि गृहीत धरलेल्या मतासाठी कोणी जोखीम घेत नाही. तिसरा पर्याय निवडावा, तर १९९२ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मते मिळूनही, अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातले एकही मत मिळाले नव्हते.

मेन राज्याची हकीकत मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथल्या लुइस्टन शहरात १८ जण मारले गेले. मारेकरी लष्कराच्या राखीव दलात होता आणि त्याच्या कुटुंबीयांनी व सहकाऱ्यांनी त्याच्या मनःस्थितीबद्दल आधीच इशारे दिले होते. अशा माणसाची शस्त्रे काढून घेण्यासाठी तिथे 'यलो फ्लॅग' नावाचा कायदा होता, परंतु त्यासाठी पोलिसांनी आधी त्या माणसाला ताब्यात घेऊन वैद्यकीय तपासणी करवून घ्यावी लागे, आणि ते झालेच नाही. त्यानंतर कुटुंबीयांना थेट न्यायालयात दाद मागता यावी असा 'रेड फ्लॅग' कायदा आणण्याचा प्रयत्न झाला. राज्यात विधिमंडळ आणि राज्यपालपद दोन्ही डेमोक्रॅट पक्षाकडे होते, तरी तो विधिमंडळात अडला. अखेर नागरिकांनी सह्या गोळा करून तो सार्वमताला आणला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, राज्यपालांचा विरोध असूनही, मतदारांनी तो मंजूर केला. हे तेच मतदार आहेत ज्यांनी २०१६ मध्ये खासगी विक्रीतल्या तपासणीचा प्रस्ताव थोड्या फरकाने नाकारला होता. माणसे विचार बदलू शकतात. मात्र त्यांना त्या एकाच प्रश्नावर, पक्षाचे चिन्ह बाजूला ठेवून, विचारावे लागते.

मेनमध्ये अमेरिकी संसदेच्या, म्हणजे इथल्या काँग्रेसच्या, निवडणुकीत पसंतीक्रमाने मतदान होते. आपल्याकडच्या पदवीधर मतदारसंघात ज्यांनी नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहिले आहेत, त्यांना ही पद्धत वेगळी समजावून सांगायला नको. पहिली पसंती हरली तरी मत वाया जात नाही, त्यामुळे आपल्या एका मताने नावडता पक्ष निवडून येईल ही धास्ती उरत नाही. मला ही पद्धत माझ्या राज्यात हवी आहे. २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ओरेगन या चार राज्यांतल्या मतदारांनी ती नाकारली, याचे मला मनापासून वाईट वाटले.

माझी मुलगी शाळेतून आल्यावर कधीकधी सांगते, की आज दिवे मालवून, भिंतीला टेकून, अजिबात आवाज न करता बसायचा सराव होता. आजोबांची बंदूक वर्षानुवर्षे माडीवर टांगलेली होती आणि आम्ही मुले तिच्याखालीच झोपायचो. शाळेत कुणी बंदूक घेऊन येईल, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात कधी आला नव्हता.