१४५३ आणि पोर्तुगीज गलबतं: एक खुलासा
'तुर्कांनी १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल घेतलं, मसाल्याची वाट बंद झाली, म्हणून पोर्तुगीज समुद्रात उतरले' असा मजकूर सध्या फिरतोय. शाळेत आपणही हेच घोकलं. पण तारखाच जुळत नाहीत. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउटा शहर पोर्तुगीजांनी १४१५ मध्येच जिंकलं होतं. १४३४ मध्ये जिल इयानिश हा पोर्तुगीज दर्यावर्दी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोजादोर भूशिरापलीकडे जाऊन आला. तिथे माणूस दिसला नाही, तेव्हा खूण म्हणून त्याने वाळूतली रोपंच उपटून आणली. ओढ होती आफ्रिकेतल्या सोन्याची, मुस्लिम सत्तांशी लढण्याची आणि, हे झाकू नये, गुलामांची. १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागुश बंदरात आफ्रिकेतून पकडून आणलेले २३५ कैदी उतरवून वाटून घेतले गेले, मायलेकरांची ताटातूट करून. मसाल्याचा ध्यास नंतरचा. शिवाय १४५३ नंतरही इजिप्तमार्गे मिरी व्हेनिसला पोचतच होती.