पावसानं जिंकवलं म्हणे!

काल संध्याकाळपासून व्हॉट्सॲपवर कालच्या क्रिकेट मॅचबद्दल एकच वाक्य फिरतंय. 'पूर्व भागातल्या पोरांना पावसानं जिंकवलं.' आज सकाळी चहाच्या गाड्यावरही तेच. सोलापुरात पाऊस कधी कुणाला फुकट काही देतो का बे? सगळा पावसाळा वाट बघायला लावतो, परतीला येतो आणि तासाभरात मैदानाची रबडी करून जातो. ती रबडी काल अकरा जणांनी कशी उपसली हे ज्यांनी बघितलंच नाही, त्यांचीच तोंडं जास्त चालतायत.

आधी हिशेब घ्या. आमच्या पोरांची पहिली बॅटिंग, २० ओव्हरमध्ये ७ बाद १२०. लेदर बॉल आणि जड आउटफिल्ड धरलं तर वाईट स्कोअर नाही. दोन डावांच्या मध्ये पाऊस. आयोजकांनी दुसरा डाव १० ओव्हरचा केला आणि टार्गेट दिलं ६१. का, तर १२० चे निम्मे ६०, वर एक. अरे, किराणा मोजताय का? दहा विकेट वीस ओव्हर पुरवून खेळायच्या आणि त्याच दहा विकेट दहा ओव्हरमध्ये उधळायच्या, हे सारखं कसं होईल? दहा ओव्हरवाला पहिल्या बॉलपासून फिरवतो. आउट झाला तर मागे रांग उभीच आहे.

पावसानं ओव्हर कमी झाल्या की टार्गेट काढायची पद्धत म्हणजे डकवर्थ-लुईस. त्याच्या छापील तक्त्यात, सगळ्या विकेट हातात असताना टीमची रन करायची ताकद २० ओव्हरला ५६.६ टक्के धरलीय आणि १० ओव्हरला ३२.१. निम्मे नाहीत, बघा. १२० गुणिले ३२.१ भागिले ५६.६ म्हणजे ६८ च्या किंचित वर. टार्गेट ६९! मोबाइलवर एक गुणाकार, एक भागाकार, झालं. म्हणजे आठ रन कमी करून दिले, आणि तेही समोरच्या टीमला. पावसानं कुणाला जिंकवायचं ठरवलंच असेल तर ते आमच्या पोरांना नव्हतं.

१९९२ च्या वर्ल्डकपची सेमीफायनल विसरलात? सिडनी, २२ मार्च. दक्षिण आफ्रिकेला १३ बॉलमध्ये २२ हवे होते, पाऊस आला, आणि परत आले तेव्हा एकच बॉल उरलेला, रन मात्र जवळपास तेवढेच. त्या वर्ल्डकपला साधी सरासरी नको म्हणूनच वेगळा नियम केला होता, तो असा फसला. म्हणून पुढं १९९७ पासून डकवर्थ-लुईस वापरात आलं. आणि आपण अजून निम्मे अधिक एक! मान्य, पाऊस डावाच्या मध्येच आला की पडलेल्या विकेटही धराव्या लागतात, तिथं चांगल्या चांगल्यांचा घोळ होतो. काल तसलं काहीच नव्हतं.

आता ताडपत्री. दोन ताडपत्र्या एकमेकींवर टाकताना उताराकडची खाली आणि चढाकडची तिच्यावर यायला पाहिजे. कौलं रचतात तसं. काल उलटं टाकलं होतं. वरचं पाणी वाहत आलं ते सरळ जोडातून आत, आणि एका टोकाला गुड लेंथवर, म्हणजे बॉलचा टप्पा पडतो तिथंच, घोंगडीएवढा ओला डाग पडला. पाऊस थांबल्यावर दोघं-तिघं उत्साहानं ताडपत्री ओढायला धावले, तेवढ्यात कॅप्टन ओरडला, "ए, हात लावू नका बे!" बरोबर ओरडला. पाण्यासकट ओढली की वरचं सगळं पाणी पिचवरच सांडतं. आधी जुन्या गादीचा फोम दाबून पाणी टिपलं, बादल्या भरल्या, मग दोन्ही बाजूंनी धरून उचलली आणि उताराकडं रिकामी केली. अंपायर घड्याळ बघत उभे, समोरची टीम सावलीत वडापाव खात बसलेली. आमची पोरं गुडघ्यावर.

ओल्या डागावर रोलर फिरवा म्हणणारे पण होते. आपली काळी माती आहे, बाबांनो! ओली असताना रोलरला चिकटून पापडासारखी सोलून निघते. तिथं कोरडं गोणपाट टाकायचं, त्यावर पाय दाबून उभं राहायचं, उचलायचं, दुसरं टाकायचं. घासायचं नाही. वखारीतला भुसा बॉलरच्या रन-अपला आणि पाय पडतो त्या खड्ड्यात, पिचच्या मध्ये नाही. तरीही माती स्पाइक्समध्ये भरतेच. दर दोन-तीन बॉलला बॅटच्या दांड्यानं बूट ठोकून घ्यायचा, नाहीतर लँडिंगला पाय सटकलाच म्हणून समजा.

आणि तो टॉवेल. खरं तर टॉवेलसाठीच हे लिहायला घेतलं.

ओला लेदर बॉल म्हणजे साबणाची वडी. शिवण फुगते, चामडं मऊ पडतं, स्विंग संपतो आणि स्पिनरच्या बोटांतून सुटून तो सरळ फुलटॉस जातो. अंपायरच्या परवानगीनं टॉवेलनं पुसायला नियमात मुभा आहे. आयोजकांनी अगदी दिलदारपणे कोरे करकरीत टॉवेल दिले, पाकिटातले. आमच्या टीममधली निम्मी पोरं टॉवेल विणायच्या मागावरच कामाला. त्यांनी ते हातात घेतले, हसली आणि बाजूला ठेवले. नव्या टेरी टॉवेलला फिनिशिंगचं सॉफ्टनर असतं, तो पाणी पीत नाही, नुसतं इकडचं तिकडं फिरवतो. दोन-तीन धुण्यांनंतर त्याचे लूप मोकळे होतात, तेव्हा कुठं शोषायला लागतो. बाराव्या पोराच्या पिशवीत चार जुने टॉवेल होते, कडा उसवलेले, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिक पिशवीत. अंपायरना दाखवले, त्यांनी मान डोलावली. दोन ओव्हर झाल्या की टॉवेल बदलायचा. बॉल एका टोकानं पुसायचा, हात दुसऱ्या टोकानं.

ही अक्कल पावसानं दिली का?

१० ओव्हर म्हणजे एका बॉलरला दोनच. कॅप्टननं स्पिनरला एकच दिली, बाकी सगळे मध्यमगती, आणि ज्या टोकाला ओला डाग होता तिथंच लेंथवर टाकत राहिले. बॉल थांबून येत होता, बॅट आधी फिरत होती. यॉर्करच्या नादी कुणी लागलं नाही, ओला बॉल जरा सुटला की तो फुलटॉस होतो. डीप मिडविकेटला डबकं साचलं होतं. फील्डर बाउंड्रीवर नाही, डबक्याच्या दहा पावलं अलीकडं उभा केला. जमिनीवरनं गेलेला बॉल तिथं मरणारच होता. एक सोपा कॅच सुटला, तेवढं मात्र हातातलं घालवलं, आणि त्या बॅट्समननं पुढं दोन सिक्स मारून सगळ्यांचा घसा कोरडा केला.

शेवटची ओव्हर, ९ हवे. एक, दोन, विकेट, एक, दोन. शेवटचा बॉल, ३ हवे. बॉलर रन-अपला परत चाललेला आणि बारावा पोरगा टॉवेल घेऊन धावत आला. अंपायर वैतागले, पण थांबले. पोरानं बॉल पुसला, शिवण अंगठ्यानं चाचपली, परत एकदा पुसली. लेंथचा बॉल, त्याच डागावर. मिडविकेटला मारला, गवतावरनं गेला आणि डबक्यात फच्च. फील्डर गुडघा टेकून आडवा, उचलला आणि थेट कीपरच्या ग्लोव्हजमध्ये, वरच्यावर. टप्पा टाकून फेकला असता तर त्या चिखलात बॉल घसरून पायापाशीच मेला असता. दुसऱ्या रनला बॅट अर्धा हात बाहेर. ५९. एका रननं जिंकले.

डबकं मदतीला आलं, बरं, मान्य. पण ते दोन्ही टीमना दिसत होतं, आणि समोरच्यांच्या वडापावच्या जागेवरनं तर जास्तच स्पष्ट.

राग बराच उतरला आता. समोरची पोरंही आपलीच आहेत, शेवटी येऊन त्यांनी मिठ्या मारल्या. कप कुणाकडं गेला याच्यापेक्षा आज सकाळी ते चार टॉवेल चिखलासकट गॅलरीत वाळत होते, ते बघून बरं वाटलं. आयोजकांनी पुढच्या वर्षी तक्त्याचा एक कागद छापून स्कोअररच्या वहीत चिकटवावा, एवढंच.

आणि ती ताडपत्री कुणीतरी ओलीच घडी घालून खोलीत टाकलीय. आज संध्याकाळी जो कुणी मैदानावर जाईल त्यानं ती दोरीवर पसरा, दोन दिवसांत बुरशी धरेल आणि घडीवर चिरत जाईल. किल्ली चहावाल्या मामांकडं आहे.