शेवटच्या दहा मीटरांसाठी कपडे

गेल्या शनिवारी आमच्या जिओकॅशिंगच्या गटात नव्यानं आलेल्या एका मुलीनं फोन करून विचारलं, "ताई, उद्या काय घालून येऊ?" मी घाईत होते. म्हटलं, "सुटसुटीत काहीही घाल, बूट मात्र चांगले हवेत." ती लेगिंग्ज आणि टी-शर्ट घालून आली. तीन तासांनी आम्ही खाली उतरलो तेव्हा तिच्या पोटऱ्यांवर घाणेरीचे ओरखडे होते आणि मोज्यांत इतकी कुसळं घुसली होती की शेवटी ते मोजे तिथेच काढावे लागले. ती काही बोलली नाही, उलट डबी सापडल्याच्या आनंदात होती. मला मात्र वाईट वाटलं. तिनं नीट प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर नीट दिलं नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

ज्यांना जिओकॅशिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कुणीतरी एक डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतं. बाकीच्यांनी मोबाइलच्या जीपीएसवर ती शोधायची, आतल्या छोट्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तशी परत ठेवायची. १ मे २००० च्या रात्री अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली. त्यानंतर लगेच, ३ मेला, ओरेगनमध्ये डेव्ह अल्मर यांनी पहिली बादली लपवली. हा खेळ तिथून सुरू झाला. पण आजही साधा मोबाइल मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, आणि झाडीत किंवा कड्याला लागून तर त्याहून जास्त. म्हणजे बाण "पोचलात" म्हणाला की त्यापुढचे दहा मीटर तुमचे हात, तुमचे गुडघे आणि तुमची नजर.

माझं सगळं म्हणणं या दहा मीटरांबद्दल आहे. ट्रेकर वाटेनं चालतो, त्याचे कपडे चालण्यासाठी असतात. आपण शेवटी वाट सोडतो, झुडपात शिरतो, दगडामागे वाकतो, ढोलीत डोकावतो, कधी पोटावर आडवे होतो. दुकानात 'ट्रेकिंगचे' म्हणून मिळणारे कपडे या कामासाठी शिवलेलेच नसतात. आपलं काम लाकूडफाटा गोळा करणाऱ्या, करवंदं तोडणाऱ्या, भात लावणाऱ्या माणसाच्या कामाच्या जास्त जवळचं आहे. म्हणून कपडे कसे असावेत हे मी त्यांच्याकडे बघून शिकले आणि अजूनही शिकते आहे.

आधी पायांबद्दल. पावसाळा सरला की आपल्या टेकड्यांवरचं गवत वाळतं आणि कुसळांचे दिवस सुरू होतात. कुसळाच्या टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ते आत जातं पण बाहेर येत नाही. त्याच्या शेपटीला पीळ असतो. ओल लागली की तो सुटतो, सुकलं की पुन्हा बसतो, आणि असं गिरक्या घेत बी मातीत उतरतं. मातीत उतरतं तसंच मोज्यातही उतरतं. होजिअरीचं कापड, म्हणजे लेगिंग्ज, ट्रॅकपँट, लोकरी मोजे, फ्लीस, हे सगळं कुसळांना आयतं घर. त्यांच्या विणीत फटी असतात आणि कापड ताणलं की त्या आणखी उघडतात. गुळगुळीत, घट्ट विणीचं, उभ्या-आडव्या धाग्यांचं कापड मात्र कुसळाला धरू देत नाही. काट्यांचंही तेच. करवंदाचा काटा लेगिंग्जला धरून ओढतो, पायाला लागतो तो लागतोच, वर कापडही उसवतं.

मग काय घालायचं? माझं उत्तर आहे टेरिकॉट. हो, शाळेच्या गणवेशाचं तेच जुनं कापड. पॉलिएस्टर आणि सुताची भेसळ असल्यानं ते दणकट असतं, लवकर वाळतं, काट्याला सहज दाद देत नाही आणि महाग नाही. कापड घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांकडून सैल पँट शिवून घेतली. गुडघ्याला दुहेरी कापड, मांड्यांमध्ये जादा तुकडा, म्हणजे खाली बसताना ताण येत नाही आणि उसवत नाही. चार वर्षं झाली, ती अजून घालते. त्याआधी एका मोठ्या दुकानातून भरपूर पैसे मोजून आणलेली पँट बाभळीच्या पहिल्याच फांदीला फाटली होती.

जीन्सबद्दल मला नेहमी विचारतात. हिवाळ्यात, कोरड्या टेकडीवर, काटेरी झुडपात जीन्स चांगली. पावसात अजिबात नको. ती पाणी पिते, जड होते, गुडघ्यात वाकत नाही आणि दिवसभर वाळत नाही. एकदा जुलैत, घाटमाथ्यावर, आमच्यातला एक तरुण मुलगा जीन्स आणि जाड सुती टी-शर्टवर होता. चालताना ठीक होता. डबी शोधायला अर्धा तास एकाच जागी थांबलो, वारा सुटला आणि त्याचे दात वाजायला लागले. हातांना इतका कंप होता की त्याला डबीचं झाकण उघडेना. ओल्या सुतातून अंगातली ऊब भराभर निघून जाते आणि शोधणारा माणूस चालणाऱ्यापेक्षा लवकर गारठतो, कारण तो थांबलेला असतो. शोध थांबवून आम्ही त्याला खाली आणलं. वस्तीवर एका मामांनी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. ती घोंगडीही दमटच होती, पण त्याला ऊब आली. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. आपल्याकडच्या धनगरांनी हे पिढ्यान् पिढ्या अंगावर वागवलं आहे.

त्याच वस्तीच्या खालच्या खाचरांत बायका भात लावत होत्या. काहींच्या अंगावर प्लास्टिक होतं, दोघी-तिघींच्या पाठीवर मात्र अजून इरलं होतं. मी बराच वेळ बघत राहिले. इरलं हे वाकलेल्या माणसासाठी केलेलं आहे. डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकते, दोन्ही हात मोकळे राहतात, आतून हवा खेळते. आपला रेनकोट उभ्या माणसासाठी शिवलेला असतो. वाकलं की तो पाठीवरून वर सरकतो आणि कमरेपाशी पाणी थेट आत. तेव्हापासून मी पावसात ढगळ पोंचो वापरते, पाठीवरच्या पिशवीसकट सगळं झाकणारा आणि मागून लांब. छत्री नाही. छत्री एक हात अडवते आणि या खेळात दोन्ही हात लागतात.

हातांबद्दल जरा कळकळीनं सांगते. दगडाच्या सांध्यात, ढोलीत, पाचोळ्यात उघडा हात घालू नका. फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, दगडाखाली असतं, विंचूही असतो. कोकणातला लाल विंचू एकेकाळी किती जीव घ्यायचा आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून किती जीव वाचवले, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. औषध आहे म्हणून हात घालायचा नसतो. बागकामाचे चामडी हातमोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते घ्या. पण हातमोजा सापाचा दात अडवेल असं समजू नका. तो काटे आणि खरचटणं यांच्यासाठी आहे. आधी काठी, मग टॉर्च, मग हातमोज्यातला हात. काही दिसत नसेल तर डबी सोडून द्या. ती तिथेच राहील.

पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, उन्हाळ्यातही. मला हे पटायला खाजकुइली लागावी लागली. डिसेंबरात एका ओढ्याच्या काठाला वेलीवर मखमली शेंगा लटकत होत्या. माझं लक्ष मोबाइलवर, हाफ बाह्या, आणि शेंगांचा झुबका दंडाला घासला. पुढची दहा मिनिटं आठवली तरी नको वाटतं. मी बाटलीतलं पाणी ओतून चोळायला लागले, तेवढ्यात गुरं घेऊन चाललेले एक मामा ओरडले, "ओ ताई, चोळू नगा! चोळलं की अंगभर हुईल!" त्यांनी ओलं शेण आणलं, दंडावर जाड थापलं, वाळू दिलं आणि अलगद सोलून काढलं. शेणाबरोबर शेंगेची लव निघून आली. जाताना म्हणाले, "रानात यायचं तर अंग झाकून यावं." त्यांच्या स्वतःच्या अंगात चाळीस अंशांतही लांब बाह्यांचा सदरा असतो, हे मी नंतर पाहिलं.

या खेळाची ओळख मला जर्मनीत झाली. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं स्टुटगार्टला होतो. तिथं जंगलात शिरायचं म्हटलं की पहिला विषय गोचीड. बाडेन-वुर्टेम्बर्ग आणि बव्हेरिया या दोन राज्यांत गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे सगळ्यात जास्त रुग्ण सापडतात, त्यावर लस आहे आणि शेजारच्या आजींनी आम्हाला आल्या-आल्या ती घ्यायला लावली होती. फिकट रंगाची पँट, म्हणजे वर चढणारी गोचीड दिसते. पँट मोज्यांत खोचलेली, शर्ट पँटमध्ये खोचलेला. घरी आलं की आंघोळ आणि गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत तपासणी. मुलीला ती इतकी सवय झाली की आजही ट्रेकहून आली की ती स्वतःहून कान पुढे करते.

पुण्याला परतल्यावर अनेकांनी सांगितलं, "आपल्याकडे कुठं असतं तसलं?" असतं. १९५७ मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला माकडताप गोचिडींमुळेच होतो. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गातल्या दोडामार्गपर्यंत आला, गोव्यात सत्तरी तालुक्यातही रुग्ण सापडले. बळी पडले ते काजूच्या बागेत, रानात रोज काम करणारे लोक. त्याचे दिवस साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमके आपले भटकायचे दिवस. २०१८ मध्ये नागपूरकडे स्क्रब टायफस या तापाची साथ आली, ती गवतातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याच्या अळीमुळे. म्हणून पँट मोज्यांत खोचायची आणि गवतात पसरून बसायचं नाही, हे नियम मी इथंही तसेच पाळते. आंबोली किंवा कोयनेकडे पावसाळ्यात जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे घालते आणि बरोबर तंबाखूची पुरचुंडी ठेवते.

आता रंग. जंगलात लपून शोधायचं म्हणून बरेच जण लष्करी ठिपक्यांचे कपडे घालतात, मुलांनाही हौसेनं घेतात. माझा याला ठाम विरोध आहे. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूनं तसा पोशाख घालणं आपल्या कायद्यात गुन्हा आहे, आणि लष्करानं २०२२ मध्ये आणलेल्या नव्या गणवेशाच्या नक्षीची स्वतःच्या नावावर नोंदणीही करून घेतली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा. पुलाखाली, कठड्यामागे, मोबाइल हातात धरून कुणी लष्करी कपड्यांत काहीतरी चाचपतोय. बघणाऱ्याला काय वाटेल? आपण बॉम्बस्फोट पाहिलेल्या शहरांतले लोक आहोत. बेवारस वस्तूची भीती इथं खरी आहे. परदेशात काही खेळाडू नारिंगी जाकीट घालून कामगार असल्याचं भासवतात, तेही मला इथं चुकीचं वाटतं. साधे, घरचे, फिकट कपडे घाला. कुणी विचारलं तर मोबाइल दाखवून खरं सांगा. मी आजवर ज्यांना सांगितलं त्यातल्या निम्म्या लोकांनी माझ्याबरोबर शोधायला सुरुवात केली.

फिकट रंगाचं आणखी एक कारण म्हणजे आग्या मोहोळ. गडद रंग आणि उग्र वास मधमाश्यांना चिडवतो. अत्तर, परफ्यूम, सुवासिक तेल त्या दिवशी नकोच. केस घट्ट बांधा आणि त्यावर सुती स्कार्फ. आम्ही पुण्याच्या बायका गाडीवर बांधतो तोच. मानेला ऊन लागत नाही, केसांत काटक्या अडकत नाहीत, वेळ पडली तर मुरगळलेला हात त्यातच गळ्यात बांधता येतो. ओढणी मात्र घरी ठेवा, ती प्रत्येक झुडपाला अडकते.

आणि देवराईपाशी गेलात तर आधी गावात विचारा. काही देवरायांत चपला बाहेर काढतात, काहींत चामडं नेत नाहीत. अशा ठिकाणी आपले बूट आणि चामडी हातमोजे चालणार नाहीत, आणि त्यांच्याशिवाय पाचोळ्यात हात घालणं धोक्याचं. मी दोनदा बाहेरूनच नमस्कार करून परत आले आहे.

शेवटची गोष्ट खिशांची, आणि यावर मला मनापासून राग येतो. बायकांच्या तयार पँटींना खिसे नसतात किंवा दोन बोटं जातील एवढेच असतात. पेन, चिमटा, टॉर्च, मोबाइल, हातमोजे ठेवायचे कुठे? पाठीवरची पिशवी दर पाच मिनिटांनी उतरवायची? शिंपीकाकांनी माझ्या पँटीला सहा खिसे लावून दिले. पहिल्यांदा म्हणाले, "ताई, बायकांच्या पँटीला एवढे?" मी हो म्हटलं. माझी आजी मावळातली. नऊवारीचा काष्टा मारून ती करवंदीच्या जाळीत शिरायची आणि बाहेर यायची तेव्हा तिच्या ओच्यात दोन शेर करवंदं असायची, वर विळाही खोचलेला. तिच्या लुगड्याला होता तेवढा खिसा मला माझ्या पँटीला हवा होता, एवढंच.

ती मुलगी पुढच्या रविवारी परत येणार आहे. काल काकांकडे तिचं माप देऊन आले. राखाडी टेरिकॉट, गुडघ्याला दुहेरी, सहा खिसे. गुरुवारी तयार होईल म्हणालेत.