ॲक्सल मधोमध का नको : एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

टिअरड्रॉप ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या, थेंबाच्या आकाराच्या आणि आत झोपता येणाऱ्या छोट्या ट्रेलरच्या माझ्या आराखड्यावर आपण मुद्देसूद टीका केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. ॲक्सल (चाकांचा आस) मागे सरकवल्यामुळे ओढणाऱ्या गाडीच्या हिचवर (ट्रेलर जोडायच्या जागेवर) ६० किलोंचा भार विनाकारण पडतो; तो टाळण्यासाठी ॲक्सल वजनाच्या बरोबर मध्याखाली घ्यावा आणि जादा चाक मागच्या दारावर लावून समतोल साधावा, हा पहिला. थेंबाचा आकार केवळ दिसण्यासाठी असून त्यापायी जागा वाया जाते, हा दुसरा. आणि प्लायवूड कुजणारच, हा तिसरा. आपण स्वतः याच मापाची चॅसिस (खालचा सांगाडा) वेल्डिंगला देणार आहात, असे आपण लिहिले आहे. म्हणून पहिल्या आक्षेपावर मी अधिक लिहितो, कारण तिथे प्रश्न सोयीचा नसून जिवाचा आहे.

ट्रेलर उभा असताना आपली मांडणी निर्दोष वाटते. तो धावू लागला की गणित बदलते. वाऱ्याचा झोत, शेजारून गेलेला ट्रक किंवा स्टिअरिंगला बसलेला हिसका यांपैकी कशानेही ट्रेलर बॉलभोवती (हिचवरच्या ज्या गोळ्याला तो जोडलेला असतो त्याभोवती) थोडा वळतो आणि टायर त्याला पुन्हा रेषेत आणू पाहतात. वजनाचा मध्य ॲक्सलच्या पुरेसा पुढे असेल, तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होत विरून जातो. पण प्रत्येक ट्रेलरला एक वेग असा असतो, की त्यापुढे झोके विरण्याऐवजी वाढू लागतात. आणि वजनाचा मध्य जसजसा मागे जातो, तसतसा हा घातक वेग खाली उतरून आपल्या रोजच्या वेगाच्या जवळ येतो. त्यातच ट्रेलर मागे उलाळला, तर कपलर (ट्रेलरच्या दांड्याचे बॉलवर बसणारे टोक) बॉलला वर उचलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांची पकड नेमकी हवी असते तेव्हाच कमी होते. म्हणून एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर असावा, असा संकेत आहे. युरोपात याहून कमी भारावर ट्रेलर ओढतात हे खरे; पण तिथे ट्रेलर ओढताना पाळायच्या वेगमर्यादाही सहसा कमी असतात.

आता आकडे पाहू. माझ्या आराखड्यात बॉलपासून ॲक्सल २६०० मिलिमीटरवर आहे आणि ट्रेलरचे वजन ५०० किलो धरले आहे. हिचवर ६० किलो, म्हणजे १२ टक्के भार येण्यासाठी वजनाचा मध्य ॲक्सलच्या ३१२ मिलिमीटर पुढे असावा लागतो. आपण ज्याला विनाकारण म्हणता, तो भार अशा रीतीने ठरवून घेतलेला आहे, आणि तो मुक्कामाच्या सामानासाठी राखून ठेवलेला आहे. या प्रकारच्या ट्रेलरमध्ये स्वयंपाकाचा कप्पा मागे असतो. ॲक्सलच्या ७०० मिलिमीटर मागे असलेल्या त्या कप्प्यात ३० किलो शिधा आणि भांडी भरली, की हिचवरचा भार ८ किलोंनी घटून ५२ वर येतो. एकूण वजन ५३० झालेले असल्यामुळे प्रमाण १० टक्क्यांच्याही किंचित खाली जाते. आपण सुचवल्याप्रमाणे १५ किलोंचे जादा चाक मागच्या दारावर, ॲक्सलपासून एक मीटर मागे लावले, तर आणखी जवळजवळ ६ किलो जातील. आरंभीच शून्याच्या जवळ असलेल्या ट्रेलरचे त्या सामानाने काय होईल, याचा हिशेब आपण कागदावर जरूर करून पाहावा.

मागच्या दारावरचे चाक दुसऱ्या कारणानेही नको. ट्रेलर डोलू लागल्यावर त्याला थांबवणे किती अवघड जाईल, हे वस्तू त्याच्या मध्यापासून किती दूर आहेत यावरही ठरते. अंतर दुप्पट झाले, की त्या वस्तूचा परिणाम चौपट होतो. मागे चाक आणि ते तोलण्यासाठी पुढच्या दांड्यावर मोठी पेटी, अशी मांडणी काट्यावर बरोबर दिसेल. रस्त्यावर मात्र ती सर्वांत हट्टी ठरते. जादा चाक फरशीखाली, ॲक्सलच्या लगेच पुढे बसवावे. पाण्याची २० लिटरची टाकी मी फरशीखालीच, ॲक्सलच्या एक मीटर पुढे घेतली आहे. ती भरली, की वरच्या उदाहरणातला ५२ किलोंचा भार पुन्हा ६० च्या आसपास येतो. पाणी वापरून संपले, तरी तोवर शिधाही घटलेला असतो.

आकाराविषयी आपण अर्धे बरोबर आहात. छोटा ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या विस्कळीत हवेतच चालतो, त्यामुळे थेंबाच्या आकाराने फार इंधन वाचते हा दावा मीही करणार नाही. उंची गाडीच्या टपाखाली ठेवण्याचा उपयोग त्याहून मोठा आहे. पण जागा वाया जाते हे मला मान्य नाही. आत आपण झोपतो, आणि झोपलेल्या माणसाच्या पायांवर उंची लागत नाही; पाय स्वयंपाकाच्या कप्प्याखाली जातात. चौकोनी पेटी केली, तर नेमके मागे आणि वर, म्हणजे नको तिथे वजन वाढते आणि आडव्या वाऱ्याला अधिक पृष्ठभाग मिळतो. शिवाय १२२० बाय २४४० मिलिमीटरच्या एकाच प्लायमधून संपूर्ण बाजू सांध्याविना कापता येते. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून हौशी लोक घरी असे ट्रेलर बांधू शकले, त्यात या साधेपणाचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

प्लायवूड कुजते ते पाणी आत शिरून तिथेच राहिल्यामुळे, आणि पाणी शिरते ते कापलेल्या कडांतून व स्क्रूच्या छिद्रांतून. म्हणून खिडक्या-दारांच्या सर्व कडांना इपॉक्सी (घट्ट होणारे राळेसारखे रसायन) पाजावे, आणि स्क्रूचे छिद्र मोठे पाडून, इपॉक्सीने भरून, सुकल्यावर पुन्हा योग्य मापाचे पाडावे. वरचा ॲल्युमिनियमचा पत्रा प्लायला सगळीकडे चिकटवू नये. तापमानात ४० अंशांचा फरक पडला, की २४४० मिलिमीटरचा पत्रा दोन मिलिमीटरहून अधिक वाढतो. तो कडेच्या पट्ट्यांखाली ब्यूटाइल टेपवर (मऊ, चिकट, पाणी रोखणाऱ्या पट्टीवर) सरकता ठेवावा. मागच्या दाराच्या बिजागरीखाली पन्हळ हवीच, कारण सर्वाधिक गळती तिथून होते. आतल्या ओलाव्याकडे दुर्लक्ष करू नये: दोघांच्या श्वासातली वाफ रात्रभर थंड भिंतींवर जमते, त्यासाठी छताला पंखा आणि खालच्या बाजूला हवा आत येण्याची फट, दोन्ही लागतात.

आपली चॅसिस वेल्डिंगला जाण्यापूर्वी एक विनंती आहे. ॲक्सलचे ब्रॅकेट लगेच वेल्ड करू नका. ते बोल्टने बसवा, आणि मागेपुढे सरकवण्यासाठी जादा छिद्रे चॅनेलच्या (चॅसिसच्या पन्हळीसारख्या लोखंडी पट्टीच्या) उभ्या बाजूच्या मध्यावर पाडा. वरच्या आणि खालच्या कडांना छिद्रे पाडल्यास चॅनेल कमकुवत होतो. ट्रेलर पूर्ण झाल्यावर मुक्कामाचे सगळे सामान भरा, सपाट जमिनीवर चाकांना अडण्या लावा आणि कपलर बॉलच्या नेहमीच्या उंचीवर येईल अशा लाकडी ठोकळ्यावर टेकवून खाली घरचा वजनकाटा ठेवा. तो आकडा आपल्या गाडीच्या उत्पादकाने हिचवर मान्य केलेल्या कमाल भाराच्या आत आहे का, हेही पुस्तिकेत पाहून घ्या. त्यानंतरच ॲक्सलची जागा कायम करा.