कोरड्या गावातील जर्मनची नाव

लातुरात मोटरबोट बाळगण्यास कोणत्याही कायद्याची मनाई नाही. परंतु कायद्याची मनाई नसतानाही समाजाला ज्या गोष्टी सहन होत नाहीत, त्यांत मोटरबोटीचा क्रमांक बराच वरचा लागतो. या शहरासाठी 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि त्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत प्रत्येकी 50,000 लिटर पाणी होते हे येथील टपरीवर चहा पिणारा कोणीही तोंडपाठ सांगतो. अशा शहरात घरासमोर चौदा फुटी ॲल्युमिनियमची, म्हणजे घरगुती भाषेत जर्मनची, बोट विटांवर चढवून तिची डागडुजी करणाऱ्या माणसाकडे लोक प्रथम काळजीने पाहतात, नंतर त्याच्या घरच्यांकडे सहानुभूतीने पाहतात आणि शेवटी सल्ले देऊ लागतात.

ही बोट मी तलावातील मासेमारीचा ठेका सोडलेल्या एका गृहस्थांकडून भंगाराच्या भावाने, म्हणजे किलोवर, घेतली. मागे लावायचे जुने इंजिन त्यांनी भाजीबरोबर कोथिंबीर द्यावी तसे वरून दिले. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आर्किमिडीजच्या तत्त्वावरील गणिते इतकी वर्षे फळ्यावर सोडवल्यानंतर ते तत्त्व एकदा स्वतःच्या मालकीच्या वस्तूवर पाहावे, अशी माझी भूमिका होती. पत्नीने ती शांतपणे ऐकून घेतली आणि ते तत्त्व बादलीतही दिसते, एवढेच सांगितले.

बोट दुरुस्त करण्यातली खरी अडचण पैशाची किंवा कौशल्याची नसते. बोट पाण्यात जाण्याच्या कितीतरी आधीपासून पाणी मागू लागते, आणि आमच्याकडे नेमके तेच मागून मिळत नाही.

सुरुवात सफाईने झाली. तळाला चिकटलेले शेवाळ आणि जुन्या रंगाचे पापुद्रे काढण्यासाठी शेजारच्या काकांनी कॉस्टिक सोडा सुचवला, कारण त्यांच्या अनुभवानुसार त्याने तुंबलेली मोरीसुद्धा मोकळी होते. मी उत्तर देण्याआधीच आई ओसरीवरून म्हणाली, “जर्मनला सोडा चालत नसतो. पातेलं काळं पडतं, मग भोक पडतं.” कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला अक्षरशः विरघळवतो आणि त्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, हे मी ज्या मुलांना रसायनशास्त्र येते त्यांच्याकडून ऐकले आहे, आईने ते कुठल्याही प्रयोगशाळेत न जाता केवळ भांडी घासून मिळवले होते. अखेर नारळाची शेंडी, साधी साबणपूड आणि भरपूर घासणे यांवर भागवले. धुण्याचे पाणी खाली घमेल्यात धरून झाडांना घालण्याची सक्ती होती, त्यामुळे त्या हंगामात आमची जास्वंद थोडी मरगळलेली दिसली.

त्यानंतर गळतीची चाचणी आली. बोट उंचावर ठेवावी, तळाचे बूच घट्ट बसवावे, आत पाणी भरावे आणि खाली वाकून कुठून झिरपते ते पाहावे, अशी यासाठीची सर्वमान्य रीत आहे; कारण ज्या फटीतून बाहेरचे पाणी आत येते, त्याच फटीतून आतले पाणी बाहेर येते. चौदा फूट लांब आणि चार फूट रुंद तळावर अर्धा फूट पाणी धरले तरी ते आठशे लिटरच्या घरात जाते, आणि तितक्याच किलोंचे ओझे विटांवर पडते, म्हणून विटांचे थर दुप्पट केले. नळाच्या पाण्यात घरचे हंडे भरणे जेमतेम उरकत असल्याने पाच हजार लिटरचा टँकर सांगितला.

टँकरवाल्याने पाइप ओढत अंगणात आणला आणि विचारले, “सर, टाकी कुठाय?” मी बोटीकडे बोट दाखवले. त्याने तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. “ही तर गळत असंल की.” गळते का तेच पाहण्यासाठी भरायची आहे, असे मी समजावून सांगितले. तो थोडा वेळ पाइप हातात धरून उभा राहिला. “म्हंजे पाणी गळतंय का बघायला तुम्ही पाणी इकत घ्यायलाव?” हा प्रश्न त्याने पुढे गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारला.

पाणी भरताच तळाच्या कडेला रिबिटांच्या रांगेतून थेंब गळू लागले. मी खडू घेऊन खाली वाकलो, पण आई माझ्या पुढे होती. डोळ्यांदेखत पाणी मातीत जाणे तिला मान्य नसल्यामुळे तिने प्रत्येक थेंबाखाली एकेक भांडे मांडले होते: जोराच्या गळतीखाली हंडा, मध्यमीखाली पातेले, किरकोळीखाली वाटी. त्यामुळे खुणा करण्याची गरज उरली नाही आणि गळतीची तीव्रता मोजण्यासाठी वेगळे उपकरणही लागले नाही. टँकरमधले उरलेले चार हजार लिटरांहून अधिक पाणी परत नेता येत नव्हते, म्हणून ते गल्लीतल्या पिंपांत वाटले गेले, आणि बोटीत भरलेले चाचणी संपल्यावर समोरच्या घराच्या नव्या स्लॅबवर मारले गेले. त्या दिवसापासून माझ्या छंदाविषयीचे लोकमत झपाट्याने बदलले. “सर, पुढची टेस्टिंग कधी?” असे लोक रस्त्यात थांबवून विचारू लागले आणि एका भगिनींनी तर, रिबिटा एकदाच सगळ्या बदलू नयेत, थोड्या थोड्या बदलून दर वेळी नीट तपासावे, असा तांत्रिक सल्ला दिला.

रिबिटांचे प्रकरण मात्र एकट्याने निभावणारे नव्हते. भरीव रिबिट बसवताना एकाने बाहेरून डोके ठोकावे लागते आणि दुसऱ्याने त्याच क्षणी आतून जड लोखंडी ठोकळा टेकवून धरावा लागतो. बोट पालथी असल्यामुळे दुसरा माणूस तिच्याखाली बसतो, आणि प्रत्येक ठोक्याला त्याला आपण देवळातल्या घंटेत राहतो असा भास होत असावा. हे काम शेजारच्या काकांनी पत्करले, पण आतून ते “थांबा” म्हणतात की “हाणा” हे बाहेर कळत नसे. हार्डवेअरच्या दुकानदाराने पोकळ पॉप रिबिट एकट्याला मारता येतात म्हणून तेच पुढे केले. त्यांच्या मधल्या भोकातूनच पाणी शिरते हे सांगितल्यावर त्याने वरून लावायला एम-सीलही काढून दिले. प्रत्येक अडचणीवर दुसरी वस्तू विकता येणे ही एक सिद्धी आहे.

एका बाजूला पत्र्याला तडा होता. नेहमीच्या वेल्डिंगवाल्याने तो पाहूनच हात जोडले. लोखंड तापले की लाल होते आणि कारागिराला सावध करते. ॲल्युमिनियम रंग न बदलता तसेच चकचकीत राहते आणि 660 अंश सेल्सिअसला अचानक खाली गळून पडते. त्यातच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा जो पातळ थर असतो, तो वितळायला दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते, म्हणजे साल शाबूत आणि गर गायब अशी अवस्था होते. त्यासाठी आर्गन वेल्डिंग लागते. ते एमआयडीसीतल्या एका कारागिराने सुरेख करून दिले. बोट तिथपर्यंत छोट्या हत्तीतून गेली तेव्हा वाटेत दोन ठिकाणी लोकांनी, कुठे पूर आलाय, अशी चौकशी केली.

इंजिन ज्या मागच्या फळीला अडकवतात ती कुजली होती. सुताराला मी 710 मार्काचे मरीन प्लाय आणायला सांगितले, नटबोल्टांच्या भोकांतून पाणी शिरते म्हणून ती इपॉक्सीने बंद करायला सांगितली. त्याने सगळे केले, मात्र इतक्या भारी प्लायला सनमाइका न लावणे त्याच्या मनाला शेवटपर्यंत पटले नाही.

इंजिन दोन स्ट्रोकचे होते आणि शहरातल्या मेकॅनिकांनी त्याला हात लावला नाही. ते ज्याने ओळखले तो सोयाबीनवर फवारणी करणाऱ्या पंपांचा मिस्त्री होता. त्याने कार्बोरेटर उघडून साफ केला, एका लिटर पेट्रोलला वीस मिलिलिटर ऑइल हे प्रमाण न विचारता सांगितले, आणि फक्त पंखा इतका मोठा का, एवढेच विचारले. हे इंजिन बाहेरचे पाणी ओढून थंड होते. कोरडे चालवले तर आतले रबरी चाक बघता बघता जळते. म्हणून ते दोनशे लिटरच्या पिंपात बुडवून सुरू करायचे ठरले, आणि भरलेले पिंप देण्यासाठी गल्लीत कोणी पुढे येईना. टँकरचे पाणी घेताना दिसलेला उत्साह पाणी देताना दिसत नाही, हा निसर्गनियम आहे. शेवटी आमच्याच वापरायच्या पाण्याचा बळी गेला. दोरी ओढल्यावर इंजिन सुरू झाले आणि पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की डासांची फवारणी आली म्हणून वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या धडाधड लागल्या, आणि पोरे मात्र धुरात पळायला घराबाहेर आली. पिंपातल्या पाण्यावर तेलाचा तवंग आल्याने ते झाडांनाही घालता आले नाही. त्यावर पत्नी काही बोलली नाही. तिने रिकामे पिंप फक्त माझ्यासमोर आणून ठेवले.

रंग देऊन झाल्यावर पूजेचा प्रश्न आला. आईला बोटीच्या नाकावर तांब्याचा कलश आणि तळात तांब्याचा पैसा हवा होता. ॲल्युमिनियमला तांबे टेकले आणि त्यात ओलावा आला की दोन धातूंत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. म्हणूनच तांबेयुक्त रंगही या बोटींना वर्ज्य आहे. हे ऐकून आईने, मग देवाचं काय स्टीलमध्ये करायचं का, असे विचारले. तडजोड म्हणून कलश लाकडी पाटावर ठेवला गेला, पैसा गुरुजींच्या दक्षिणेत गेला आणि नारळ बोटीवर न फोडता दगडावर फोडला गेला.

मांजरा धरणात बोट नेण्यासाठी परवानगीचे कागद करायचे होते, म्हणून पहिली सफर एका परिचित शेतकऱ्याच्या शेततळ्यात ठरली. हे तळे तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद होते, म्हणजे इंजिनाने वेग धरला की समोरचा काठ पाच-सहा सेकंदांत आला असता. पण प्रश्न तिथवर गेलाच नाही. मालकाने इंजिनाच्या पंख्याकडे पाहिले, मग तळ्याच्या प्लास्टिकच्या अस्तराकडे पाहिले, आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, “सर, ते पातं काढा, मग दिवसभर फिरा.” इंजिन उतरवून बांधावर ठेवले. सोबत आलेल्या सुताराने मग गाडीतून दोन वल्ही काढली. उरलेल्या प्लायमधून त्याने ती न सांगता बनवली होती. बोट एक थेंबही न घेता तरंगली. वल्ह्यांना दोन्ही बाजूंनी सागवानी रंगाचे सनमाइका होते, आणि त्याचे पैसे त्याने बिलात वेगळे लावले.